अ‍ॅम्प बदलला, बॅटरी बदलली, तरी आवाज वाढवला की बंद? आधी व्होल्टेज कुठं गळतंय ते शोधा

प्रश्न असा आहे की २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, दरवाजांच्या स्पीकरला चार चॅनलचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि डिकीत बूफरला (बेसचा मोठा स्पीकर) वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, अ‍ॅम्प बसवलाय. आवाज वाढवला की मोनो अ‍ॅम्प लाल लाइट दाखवून बंद पडतो, रात्री हेडलाइट गाण्याच्या ठेक्यावर मिणमिणतात आणि गाडी रेस केली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज चढत जातो. दुकानदाराने एकदा अ‍ॅम्प बदलून दिला, मग बॅटरी बदलायला लावली, आता अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला म्हणतोय. मालकांनी स्वतः मीटर आणून अ‍ॅम्पच्या टर्मिनलला लावून बघितला तर १२.६ व्होल्ट येतात, मग वायरिंग ओके आहे असं समजायचं का?

नाही समजायचं. म्हणजे ओके असेलही, पण त्या १२.६ वरून ते कळत नाही. इंजिन बंद, गाणं बंद, वायरमधून करंट जवळपास शून्य, अशा वेळी मीटर लावला तर दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या असल्या तरी तो १२.६ च दाखवणार. बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर नळ बंद असतो तोवर पाइपात प्रेशर पूर्ण असतं, नळ सोडला की कळतं पाइप किती चोंदलाय, तसंच हे. त्यामुळे या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की करंट वाहत असताना व्होल्टेज मोजायचं, आणि ते कुठून कुठपर्यंत किती कमी झालं ते बघायचं, बाकी अ‍ॅम्प, बॅटरी, अल्टरनेटर बदलत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून अंदाज लावणं आहे.

आता थोडं गणित, घाबरू नका, दहावीतलंच आहे. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. घरात २३० व्होल्टवर काम चालतं म्हणून तिथे अर्धा व्होल्ट इकडेतिकडे गेला तर कोणी विचारत नाही, पण गाडीत आपल्याकडे आहेतच १२ ते १४ आणि करंट मात्र पन्नास-पन्नास अँपिअर वाहतो, त्यामुळे इथे रेझिस्टन्स ओहमच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो, म्हणजे मिलिओहम. उदाहरण घ्या. अस्सल तांब्याची ४ गेजची वायर म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम, बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर, तिचा रेझिस्टन्स येतो सुमारे ४ मिलिओहम, ५० अँपिअरला ०.२ व्होल्ट जातात, चालतं. आता बाजारात 'अ‍ॅम्प वायरिंग किट ४ गेज' म्हणून स्वस्तात जे मिळतं त्यात बऱ्याचदा वर प्लास्टिक जाडजूड आणि आत तार जेमतेम १० स्क्वेअर एमएम, तीही तांब्याची नाही, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच लांबीला १३-१४ मिलिओहम, म्हणजे ५० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या जवळपास नुसते वायरमध्येच संपले, अजून फ्यूज होल्डर, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं), अर्थिंग (मायनसची गाडीच्या बॉडीला जोडणी) सगळं बाकी आहे.

वायर कुठली आहे ते बघायचं असेल तर टोकाची एक बारीक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. बाहेरून तांबडी आणि आतून चंदेरी निघाली तर मुलामा आहे. उलट बाहेरून चंदेरी आणि आतून तांबडी असेल तर ती टिन लावलेली चांगली तांब्याची वायर आहे, कोकणात गाडी असेल तर मी तीच घ्यायला सांगतो कारण खाऱ्या दमट हवेत साधं तांबं प्लास्टिकच्या आत हातभर हिरवं-काळं होत जातं आणि वरून काहीच दिसत नाही.

अ‍ॅम्प खरोखर किती करंट खातो हे डब्यावरच्या आकड्यावरून काढू नका. '१२०० वॅट' लिहिलेल्या अ‍ॅम्पच्या बाजूला २५ अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर आत जाणारी पॉवरच २५ गुणिले साडेतेरा, म्हणजे ३४० वॅटच्या आत, आणि त्यातली साध्या क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये साधारण निम्मी उष्णता होऊन जाते, क्लास डी प्रकारचा असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास बाहेर पडते. फ्यूज खोटं बोलत नाही, स्टिकर बोलतो. तुमच्या दोन्ही अ‍ॅम्पचे फ्यूज बघा, त्यांची बेरीज करा, ती बेरीज म्हणजे वायर निवडायचा आकडा.

मीटरबद्दल दोन शब्द, कारण इथेच बरेच जण फसतात. तो पिवळा स्वस्त मीटर चालतो, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो, पण त्याचा ओहम रेंज अर्थिंग तपासायला वापरू नका. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, स्क्रीनवर ०.३, ०.५ असं काहीतरी दिसेल, तो नुसता प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स आहे. आपल्याला शोधायचाय ०.०२ ओहमचा दोष, तो त्या आकड्याखाली कुठेच दिसणार नाही. अर्थिंगला मीटर लावला, 'बीप' वाजला, म्हणजे अर्थिंग चांगलं, हे वाक्य मी दुकानादुकानात ऐकतो, आणि त्या बीपचा अर्थ एवढाच असतो की वायर पूर्ण तुटलेली नाही. आणि हो, त्याच मीटरवर १० अँपिअरचं जे वेगळं भोक असतं त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की याला फ्यूज नाही, त्यात लाल प्रोब घालून बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर सरळ शॉर्ट. व्होल्ट मोजताना लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते दर वेळी बघा.

आता मुख्य चाचणी. साताठ मीटरची साधी वायर घ्या, तिच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा, ही मीटरची लांब प्रोब झाली, जाड असायची गरज नाही कारण मीटर करंट घेतच नाही. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. मोबाइलवर ४०-५० हर्ट्झचा सलग टोन वाजवणारं अ‍ॅप मिळतं तो लावा, गाण्यावर आकडा स्थिर राहत नाही. आवाज एवढाच वाढवा की अ‍ॅम्पला त्रास व्हायला लागतो पण बंद पडत नाही, आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदच वाजवा नाहीतर बूफरची कॉइल जळेल. ती लांब वायर बोनेटखाली फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा हे सांगायला नको, तरी सांगतो.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. दुसरं अ‍ॅम्पच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर, आणि प्रोब स्क्रूवर नाही, वायरच्या उघड्या तारेवर टेकवायचा, म्हणजे स्क्रू लूज असला तर तोही वेगळा पकडता येतो. तिसरं, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा अ‍ॅम्पच्या प्लसवर, इथे जो आकडा येईल तो प्लसच्या रस्त्यात हरवलेला व्होल्टेज. चौथं, एक प्रोब अ‍ॅम्पच्या मायनसवर आणि दुसरा बॅटरीच्या मायनसवर, हा अर्थिंगच्या रस्त्यात हरवलेला. तिसरं आणि चौथं मिळून पहिल्या-दुसऱ्यातला फरक आला पाहिजे, नाही आला तर मोजताना काहीतरी चुकलंय.

समजा बॅटरीवर १४.१ आले आणि अ‍ॅम्पवर १२.२. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत गेले. त्यातले ०.७ प्लसमध्ये आणि १.२ मायनसमध्ये निघाले तर सरळ अर्थिंगकडे जा, प्लसची वायर नंतर बघू. माझा हिशेब असा की पूर्ण लोडवर प्रत्येक बाजूला पाव व्होल्टपर्यंत जाऊ द्यायचं, दोन्ही मिळून अर्धा. त्याच्यावर गेलं की काम करायचं. आणि लक्षात घ्या की हा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, गाण्यातला ठेका त्याच्यापेक्षा खूप लवकर येऊन जातो, त्यामुळे मीटरवर १२.२ दिसत असताना ठेक्याच्या क्षणी अ‍ॅम्पवर त्याहून बरंच कमी असू शकतं. बरेचसे अ‍ॅम्प १० व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला वाचवायला बंद होतात. तुमच्या लाल लाइटचं कारण मला हेच जास्त वाटतं, कारण अ‍ॅम्प नवा आणून बसवला तरी तक्रार तीच राहिली.

उलट पहिलंच मोजमाप गडबडलं, म्हणजे बॅटरीच्याच खुंट्यांवर इंजिन चालू असताना टोन लावला की १२.५ च्या खाली जातंय, तेव्हाच अल्टरनेटरकडे संशयाने बघायचं. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ७०-९० अँपिअरचा असतो आणि आयडलला त्यातला बराच कमी देतो, हेडलाइटच आठ-नऊ अँपिअर खातात, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटर फॅन धरा, मग अ‍ॅम्पला उरतं काय. त्यामुळे आयडलला लाइट थोडे मिणमिणले पण गाडी १५००-२००० आरपीएमला नेली की थांबले तर तो दोष नाही, ती मर्यादा आहे. २००० ला पण मिणमिणतात तर मग बोनेटखालची तीन कनेक्शनं बघा, अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. शेवटची पट्टी बहुतेक वेळा गंजलेली सापडते आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. तिलाही तीच चाचणी, एक प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर आणि एक बॅटरी मायनसवर, लोड चालू.

एक अपवाद सांगून ठेवतो, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो, कधी १२.८ देतो कधी १४.८, ब्रेक मारला की वाढवतो, तो खराब नसतो. अशा गाडीत बॅटरीच्या मायनस खुंटीवर छोटा सेन्सर असतो, अ‍ॅम्पचं मायनस थेट खुंटीला लावलं तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही आणि बॅटरी किती भरलीय याचा हिशेब चुकतो. अशा वेळी सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडायचं.

अर्थिंग. नव्वद टक्के भांडण इथे आहे असं माझं मत, आकडा म्हणून नाही, अनुभव म्हणून घ्या. दुकानात घाईच्या वेळी काय होतं की मागच्या सीटखाली किंवा डिकीत हाताला लागेल तो बोल्ट सैल करून त्याखाली लग दाबला जातो. सीटबेल्टचा बोल्ट तर मुळीच नको, त्याला आट्यांवर लॉक लावणारा पदार्थ असतो, करंट धड जात नाही आणि अपघातात तुमचा जीव त्या बोल्टवर असतो. बॉडीवर रंग, रंगाखाली प्रायमर, या दोन्हींतून वीज जात नाही, फक्त बोल्टच्या आट्यांमधून जेवढी जाईल तेवढी. बरोबर करायचं तर कार्पेट उचला, जाड पत्र्याची जागा निवडा, भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली जाऊन त्या जागेच्या मागे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप नाही ना ते बघा. मग लगच्या आकारापेक्षा थोडा मोठा गोल सँडपेपरने घासा, राखाडी प्रायमरपण जाऊन पत्रा आरशासारखा चमकेपर्यंत. लग वायरला नीट प्रेस टूलने क्रिम्प केलेला पाहिजे, पकडीने चेपलेला नको, नुसता सोल्डरचा डाग दिलेला तर नकोच कारण डाग जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटत जाते. दातेरी वॉशर, नट, घट्ट आवळा आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा स्प्रे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्या चमकत्या गोलावर गंज चढेल. वायर प्लसएवढीच जाड. काही जण म्हणतात मायनसची वायर दीड फुटाच्या आतच पाहिजे, मी ते फार मानत नाही, एक फुटावरच्या पातळ पत्र्यापेक्षा तीन फुटांवरचा चांगला जाड पत्रा कधीही बरा, शेवटी चौथं मोजमाप सांगेलच.

प्लसच्या बाजूला वायर सोडून बघण्यासारखी गोष्ट एकच, फ्यूज होल्डर. किटबरोबर येणारा काचेच्या फ्यूजचा पारदर्शक होल्डर दहा मिनिटं जोरात वाजवल्यावर हात लावून बघा. गरम लागला तर मीटर मिलिव्होल्टवर घेऊन होल्डरच्या अलीकडे-पलीकडे मोजा, ५० अँपिअरला नुसते ०.३ व्होल्ट पडत असतील तर तिथे १५ वॅट उष्णता तयार होतेय, आतला स्क्रू सैल होतो, मग आणखी गरम, मग प्लास्टिक वितळतं. पट्टीचा बोल्टने आवळायचा फ्यूज लावा. आणि फ्यूज वायरला वाचवायला असतो, अ‍ॅम्पला नाही, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. डिकीत अ‍ॅम्पजवळ फ्यूज लावून बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर उघडी ठेवली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्याने ती कापली गेली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि आग लागायला तेवढं पुरतं. पत्र्यातून वायर जाते तिथे रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं) आहे का ते आजच बघा, बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.

आता कुईं. आरपीएमबरोबर चढणारा आवाज म्हणजे अल्टरनेटरचा, यात शंका नाही, पण म्हणून अल्टरनेटर खराब असतो असं नाही. अल्टरनेटरमधून येणाऱ्या डीसीवर नेहमीच थोडी लहर असते. डेकचं (म्हणजे म्युझिक सिस्टिमचं) अर्थिंग डॅशबोर्डमध्ये, अ‍ॅम्पचं डिकीत, दोन्ही जागी 'शून्य' वेगवेगळं, तुमचं तर कदाचित एक व्होल्टच्या फरकाने वेगळं, आणि या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे आरसीए केबलची (डेकपासून गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या वायरीची) बाहेरची जाळी. मग तो फरक त्या जाळीतून वाहतो आणि अ‍ॅम्प त्याला गाणंच समजतो. आरसीएमधून सिग्नल येतो दोन-चार व्होल्टचा, त्यावर पाच-दहा मिलिव्होल्टची घाण बसली तरी शांत गाण्यात कानाला टोचते. म्हणून म्हणतो, आधी अर्थिंग दुरुस्त करा, बऱ्याचदा कुईं तिथेच मेलेली असते आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

राहिलीच तर शोधायचा क्रम असा. इंजिन चालू, आवाज शून्यावर. कुईं तरीही येतेय म्हणजे ती व्हॉल्यूमच्या नंतर घुसतेय, केबल किंवा अ‍ॅम्प. व्हॉल्यूमबरोबर वाढते-कमी होते म्हणजे आधीच घुसलीय, तिथे पहिला संशय मोबाइलच्या चार्जरवर, फोन चार्जिंगला आणि त्याच वेळी ऑक्सला (डेकवरच्या बाहेरून आवाज घ्यायच्या भोकाला) लावला की हे होतंच, चार्जर काढा आणि बघा. व्हॉल्यूमनंतरची असेल तर सगळं बंद करून अ‍ॅम्पचे आरसीए काढा आणि फोन, चार्जरशिवाय, ऑक्स ते आरसीए केबलने थेट अ‍ॅम्पला लावा, फोन सीटवर ठेवा, बॉडीला काही टेकू देऊ नका. शांत झालं तर अ‍ॅम्प निर्दोष, दोष डेकच्या बाजूला.

आणि इथे एक चाचणी जी फार कमी लोक करतात. आरसीएचं बाहेरचं रिंगण आणि डेकची धातूची बॉडी यांमध्ये बीप वाजते का बघा, इथे ओहम रेंज चालतो कारण आपण फक्त तुटलंय का एवढंच विचारतोय. वाजत नसेल तर बऱ्याच डेकमध्ये आतली आरसीएच्या अर्थची बारीक पट्टी किंवा छोटासा फ्यूज उडालेला असतो. हे कसं होतं, तर अ‍ॅम्पचं प्लस जोडलेलं, आरसीए जोडलेलं, आणि मायनस सैल होऊन सुटलं, मग अ‍ॅम्पचा सगळा करंट परत जायला रस्ता शोधतो आणि त्याला सापडते ती आरसीएची जाळी. तुमच्याकडे अ‍ॅम्प बदलताना हे झालेलं असू शकतं. म्हणून अ‍ॅम्पला हात लावायच्या आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढायचा, आणि जोडताना मायनस सर्वांत आधी.

आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यायची हे बरोबरच आहे, पण त्याचा जरा जास्तच बाऊ केला जातो. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी लावून आवाज जातो, पण स्वस्त डबीत बारीक ट्रान्सफॉर्मर असतो तो बेसपण खातो, आणि डिकीतला सैल बोल्ट तिथेच राहतो.

अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाण्याचं, म्हणजे लाल लाइट दाखवून बंद पडण्याचं, दुसरं कारण स्पीकरची बाजू, तेही तपासून घ्या म्हणजे मनात राहायला नको. स्पीकरच्या सगळ्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा आणि चालू करा. लाल लाइट गेला तर वायर किंवा स्पीकर. प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांमध्ये ओहम मोजा, काहीच दिसलं नाही पाहिजे, थोडासा आकडा दिसला तरी वायर कुठेतरी पत्र्याला लागलीय, बहुतेक दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबराच्या आत, उघड-बंद करून तिथेच सोलली जाते. उंदरांचं पण बघा, पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांत त्यांना वायरीच आवडतात. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो, तो चांगला आहे, प्रोबचा आकडा वजा करायला विसरू नका. बूफर दोन कॉइलचा असेल तर चार-चारच्या दोन कॉइल पॅरलल म्हणजे २ ओहम, सिरीज म्हणजे ८. मोनो अ‍ॅम्प २ ला चालतो का ते त्यावर लिहिलेलं असतं. चार चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र जोडून) २ ओहम लावला तर मात्र बहुतेक अ‍ॅम्प तापून बंद होतात, त्यांना ब्रिजमध्ये चार लागतात.

डेकमधूनच थेट स्पीकर चालवणाऱ्यांसाठी, स्पीकरची मायनस वायर कधीही बॉडीला जोडू नका. हल्लीच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानाने सहा-सात व्होल्ट डीसी असतात, दोन्ही समान असल्यामुळे स्पीकरला ते दिसत नाहीत, पण एक बॉडीला लावली की डेकची आयसी (आतली चिप) गेली. जुन्या गाड्यांत एक अर्थ सगळ्या स्पीकरला वाटून दिलेला असायचा, त्या वायरिंगवर नवीन डेक बसवताना हे होतं.

डेक प्रत्येक वेळी घड्याळ आणि सेटिंग विसरतो ही तक्रार पुष्कळ जण विचारतात. पिवळी कायमची, लाल चावीची, काळी अर्थ. काही युरोपियन गाड्यांच्या कपलरमध्ये पिवळी आणि लालच्या जागा उलट असतात, अदलाबदल केली की काम झालं. आणि उलटा प्रकार म्हणजे निळी-पांढरी रिमोट वायर (अ‍ॅम्पला चालू-बंद व्हायला सांगणारी) आळसाने पिवळीलाच जोडलेली, मग अ‍ॅम्प गाडी बंद असतानाही चालू. रिकामा चालू अ‍ॅम्प अँपिअरभर खातो, लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची, गाडी शुक्रवारी रात्री लावली तर सोमवारी सकाळी स्टार्टर टकटक करणार. बॅटरी बदलायला लावणाऱ्यांना हे विचारा की चावी काढल्यावर अ‍ॅम्पचा दिवा विझतो का ते बघितलं होतं का.

कपॅसिटर लावा, लाइट मिणमिणायचे थांबतील, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. एक फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टला उतरताना २६ ज्यूल देतो, म्हणजे ६०० वॅट खाणाऱ्या अ‍ॅम्पला सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरता. अगदी क्षणिक ठेक्याला थोडी मदत होते, पण गळक्या अर्थिंगवर तो काहीच करत नाही. त्या पैशात जाड वायर आणि चांगला फ्यूज होल्डर येतो.

टेस्ट लॅम्पबद्दल. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून माझ्या बॅगेत कायम असतो, पावणेदोन अँपिअर खातो, चावीची वायर खरोखर लोड ओढते का हे तो मीटरपेक्षा चांगलं सांगतो, मीटर १२ दाखवतोय आणि बल्ब मंद, म्हणजे आत कुठेतरी दोन तारांवर लटकलंय. पण डॅशबोर्डखाली हा बल्ब कुठेही टोचत फिरू नका. पिवळा कपलर किंवा पिवळ्या कव्हरची वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला बल्ब नाही आणि मीटरही नाही. एकमेकांना पिळलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्या गाडीच्या कॉम्प्युटरच्या डेटाच्या, तिथेही बल्ब नको.

सगळं करून चारही आकडे छान आले, स्पीकर ठीक, वायर ठीक, आणि तरी अ‍ॅम्प अर्ध्या तासाने बंद पडतो, गार झाला की चालू होतो, तर तो व्होल्टेजमुळे नाही तर तापल्यामुळे बंद पडतोय. सीटखाली कार्पेटच्या आत दाबून बसवलेला असेल, तर बाहेर काढून सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं मोकळी जागा ठेवा आणि गेनचं बटण (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं) बघा. गेन पूर्ण फिरवून ठेवणं म्हणजे आवाज मोठा नाही, सिग्नल कापला जातो आणि अ‍ॅम्प उगाच तापतो. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवून गेन तेवढाच वाढवा जिथे आवाज फाटायला लागतो, मग किंचित मागे घ्या.